आपली गाणी, आपला सर्व्हर

घरच्या संगीतसंग्रहासाठी सॉफ्टवेअर निवडताना

प्रतिनिधी

एअरटेलच्या 'विंक म्युझिक'ने २०२४ मध्ये गाशा गुंडाळला आणि त्या ॲपवर आवडीच्या गाण्यांच्या याद्या करून ठेवणाऱ्या श्रोत्यांना दुसरे घर शोधावे लागले. त्याआधी, मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकशी करार न जुळल्याने 'स्पॉटिफाय'वरून अनेक हिंदी चित्रपटगीते दिसेनाशी झाली होती. 'गुगल प्ले म्युझिक'ची कथा तर अधिक बोलकी आहे. स्वतःच्या मालकीची ५० हजार गाणी गुगलच्या सर्व्हरवर ठेवून ती कोठूनही ऐकण्याची सोय या सेवेत होती. डिसेंबर २०२० मध्ये ती बंद झाली. संग्रह 'यूट्यूब म्युझिक'कडे हलविण्यासाठी ग्राहकांना मुदत मिळाली आणि फेब्रुवारी २०२१ नंतर उरलेला संग्रह पुसून टाकण्यात आला.

दरमहा पैसे भरून गाणी ऐकणारा श्रोता हा भाडेकरू असतो, हे या तिन्ही घटनांनी दाखवून दिले. नव्या चित्रपटगीतांपुरते हे भाडे परवडते. परंतु अनेक मराठी घरांत जे संगीत आहे, ते बाजारातील सेवांवर मिळण्याची शाश्वतीच नाही. गावच्या उत्सवातील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण, घरगुती मैफलीची कॅसेट, केव्हाच बाजारातून गेलेली नाट्यगीतांची तबकडी, आजोबांच्या आवाजातील अभंग अशा गोष्टी एकदा हरवल्या की पुन्हा विकत घेता येत नाहीत. असा संग्रह घरातल्याच संगणकावर ठेवून तो मोबाइलवर, कार्यालयात किंवा परगावी शिकणाऱ्या मुलाला ऐकता यावा, यासाठी आता अनेक सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. त्यांतील बहुतेक मोफत आहेत. प्रश्न आहे तो त्यांतून आपल्या कामाचे कोणते, हे ठरविण्याचा.

व्यवस्था कशी चालते?

या व्यवस्थेचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे गाण्यांच्या फाइल्स. त्या घरातील एखाद्या हार्ड डिस्कवर असतात. दुसरा भाग म्हणजे सर्व्हर सॉफ्टवेअर. ते या फाइल्स वाचते, त्यांची सूची तयार करते आणि मागणी येताच गाणे पाठविते. तिसरा भाग म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातातील ॲप किंवा संगणकावरील ब्राउझर.

सर्व्हर आणखी एक महत्त्वाचे काम करू शकतो. मूळ फाइल मोठी असेल आणि मोबाइलचे नेटवर्क क्षीण असेल, तर तो गाणे पाठविता पाठविता त्याचे लहान आकारात रूपांतर करतो. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. सीडीवरून घेतलेल्या 'फ्लॅक' फाइलला तासाला साधारण ४०० एमबी डेटा लागतो. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला १४४ एमबी, तर १२८ केबीपीएसच्या 'ओपस'ला सुमारे ५८ एमबी पुरतात. लोकलच्या प्रवासात इअरफोनवर ऐकणाऱ्याला या शेवटच्या दोन प्रकारांतील फरक क्वचितच जाणवेल. म्हणून घरी मूळ फाइल उत्तम दर्जाची ठेवावी आणि बाहेर ऐकताना ती लहान करून मागवावी, हा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

आधी संग्रह तपासा

सॉफ्टवेअरची तुलना करण्यापूर्वी स्वतःच्या संग्रहाकडे पाहणे आवश्यक आहे. आकाराची चिंता फारशी नाही. पाच मिनिटांचे एक गाणे ३२० केबीपीएसमध्ये १२ एमबी होते. अशी पाच हजार गाणी ६० जीबीमध्ये मावतात. तीच गाणी फ्लॅकमध्ये ठेवली, तर १५० ते २०० जीबी जागा धरावी. आजची साधी हार्ड डिस्कही याहून कितीतरी मोठी असते.

खरी अडचण असते ती टॅगची. प्रत्येक ध्वनिफाइलच्या पोटात गाण्याचे नाव, गायक, अल्बम, वर्ष, क्रमांक अशी माहिती लिहिण्याची सोय असते. बहुतेक सर्व्हर हीच माहिती वाचून सूची तयार करतात. फाइलवर 'ट्रॅक ०१' एवढेच लिहिले असेल, तर जगातील सर्वोत्तम सॉफ्टवेअरही ते गाणे 'अज्ञात कलाकार' या रकान्यात टाकणार.

मराठी आणि हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत हा गुंता वाढतो. भीमसेन जोशींचे नाव एका फाइलवर देवनागरीत, दुसरीवर रोमन लिपीत, तिसरीवर 'पं.' लावून आणि चौथीवर 'पंडित' असे पूर्ण लिहून असेल, तर सर्व्हरच्या लेखी ते चार वेगळे गायक होतात. नेहमीच्या टॅगमध्ये रागासाठी वेगळा रकाना नसतो. तो शीर्षकात लिहायचा की संगीतप्रकारात, हे आपले आपणच ठरवावे लागते. विलंबित आणि द्रुत बंदिशी वेगवेगळ्या फाइल्समध्ये असतील, तर त्यांचा क्रम बिघडता कामा नये.

'गीत रामायण' हे याचे चांगले उदाहरण आहे. ग. दि. माडगूळकर यांच्या ५६ गीतांची ही मालिका सुधीर फडके यांच्या संगीतासह १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे अनेक गायक होते. पुढे फडके यांनी स्वतः सर्व गीते गायिली आणि ती घरोघरी पोहोचली. दोन्ही ध्वनिमुद्रणे संग्रहात असतील, तर कवी एक, संगीतकार एक, गीतांची नावेही तीच. फक्त गायक आणि अल्बम वेगळे. पहिल्या संचात 'अल्बमचा कलाकार' हा रकाना सर्व गीतांसाठी सारखा भरला नाही, तर एकाच संचाचे आठ-दहा तुकडे होऊन ते पडद्यावर विखुरलेले दिसतात. गीतकार आणि संगीतकार यांचे रकाने वाचणारे सॉफ्टवेअर मिळाले, तर मात्र माडगूळकरांची सारी गीते एका जागी पाहता येतात. भावगीतांच्या रसिकाला ही सोय फार मोलाची वाटेल.

जुन्या फाइल्समध्ये आणखी एक अडथळा भेटतो. एमपीथ्रीच्या पहिल्या टॅगपद्धतीत शीर्षकासाठी अवघे ३० बाइट राखलेले होते. युनिकोडमधील देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे त्या जागेत दहाच चिन्हे बसतात. युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये लिहिलेली नावे तर आज निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. अशा फाइल्स नव्या टॅगपद्धतीत पुन्हा भरून घेणे हाच उपाय. त्यासाठी 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड' आणि 'एमपीथ्रीटॅग' ही मोफत मिळणारी साधने उपयोगी आहेत. पिकार्ड हे महाजालावरील माहितीकोशातून गाण्याची ओळख पटविते. मराठी संग्रहातील दुर्मीळ गोष्टी त्या कोशात सापडतीलच असे नाही. तेथे हातानेच माहिती भरावी लागते.

हे काम कंटाळवाणे आहे. परंतु टॅगमध्ये लिहिलेली माहिती फाइलसोबत राहते. उद्या सॉफ्टवेअर बदलले, तरी ही मेहनत वाया जात नाही.

सबसॉनिकचा वारसा

या क्षेत्रात प्रवेश करणाऱ्याला 'सबसॉनिक' हे नाव वारंवार भेटते. सिंद्रे मेहूस या विकसकाने तयार केलेला हा संगीत सर्व्हर बरीच वर्षे ओपन सोर्स होता. म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता व सुधारता येत असे. २०१६ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून ती बंद करण्यात आली. तोवरच्या खुल्या आज्ञावलीवरून इतरांनी 'लिब्रेसॉनिक' आणि त्यातून पुढे 'एअरसॉनिक' उभे केले. आज एअरसॉनिकच्या मूळ प्रकल्पाचेही काम थांबले आहे.

तरीही सबसॉनिकची एक गोष्ट टिकून राहिली. सर्व्हर आणि मोबाइल ॲप यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचे, याचे त्याने घालून दिलेले नियम इतरांनी उचलले. नॅव्हिड्रोम, गॉनिक, अँपाश अशा अनेक सर्व्हरना ही भाषा समजते. तिच्यात काळानुरूप भर घालण्यासाठी 'ओपनसबसॉनिक' नावाचा सामायिक प्रयत्नही सुरू आहे.

याचा ग्राहकाला थेट लाभ होतो. या भाषेत बोलणारे ॲप एकदा आवडले, की मागचा सर्व्हर बदलला तरी ॲप तेच ठेवता येते. अँड्रॉइडवर 'सिम्फोनियम' हे विकत मिणारे आणि 'अल्ट्रासॉनिक' हे मोफत ॲप आहे. आयफोनवर 'अँपरफाय' आणि 'प्ले:सब' आहेत. संगणकावर 'फेशिन' वापरता येते. कोणत्याही एका प्रकल्पाचे काम थांबले, तरी श्रोता अडून राहत नाही.

प्रमुख पर्याय

नॅव्हिड्रोम : केवळ संगीतासाठी बनविलेला, ओपन सोर्स आणि अतिशय हलका सर्व्हर. 'रास्पबेरी पाय'सारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही तो सहज चालतो. त्याला वेगळ्या डेटाबेस सर्व्हरची गरज लागत नाही. ब्राउझरमध्ये उघडणारा त्याचा प्लेअर नीटनेटका आहे. घरातील प्रत्येकाला स्वतंत्र खाते, स्वतःच्या आवडी आणि याद्या ठेवता येतात. २०२५ मधील सुधारणांनंतर एका गाण्याचे अनेक गायक, तसेच गीतकार, संगीतकार अशा भूमिका तो नीट ओळखतो. 'गीत रामायण'सारख्या संचासाठी हे सोयीचे आहे. गाण्यांचे फोल्डर त्याला 'केवळ वाचण्यापुरते' देता येते. त्यामुळे मूळ फाइलला धक्का लागण्याची भीती उरत नाही. त्याची मर्यादा हीच, की तो सर्वस्वी टॅगवर विसंबतो. आपण फोल्डर कितीही व्यवस्थित लावले असले, तरी त्यावरून तो सूची करीत नाही. टॅग दुरुस्त करण्याची सोयही त्यात नाही. ते काम वेगळ्या साधनाने करावे लागते.

गॉनिक : हाही हलका आणि सबसॉनिकची भाषा बोलणारा. फोल्डरची मूळ रचना जशीच्या तशी दाखविणे हे याचे वैशिष्ट्य. 'मैफली', त्यात 'सवाई गंधर्व', त्यात वर्ष अशी फोल्डरांची उतरंड ज्यांनी वर्षानुवर्षे जपली आहे आणि टॅग भरण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी याचा विचार करावा. मात्र गॉनिकला स्वतःचा प्लेअर नाही. ब्राउझरमध्ये केवळ व्यवस्थापनाचे पान उघडते. ऐकण्यासाठी वेगळे ॲप घ्यावेच लागते.

जेलीफिन : 'एम्बी' या सर्व्हरची आज्ञावली बंद झाल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून फुटून निघालेला ओपन सोर्स प्रकल्प. चित्रपट, मालिका, घरगुती चित्रफिती आणि संगीत हे सारे तो एकत्र सांभाळतो. घरातील लग्नाच्या चित्रफिती आणि गाणी एकाच ठिकाणी हवी असतील, तर हा उत्तम पर्याय होय. एक फोल्डर म्हणजे एक अल्बम, अशी मांडणी त्याला मानवते. संगीतासाठी 'फिनअँप' हे मोबाइल ॲप मिळते. संगीत हे त्याच्या अनेक कामांपैकी एक असल्याने केवळ गाण्यांसाठी तो थोडा जड वाटतो.

प्लेक्स : मांडणीला सर्वांत सोपा आणि दिसायला देखणा. त्याचे 'प्लेक्सअँप' हे संगीताचे ॲप जाणकारांच्याही पसंतीस उतरले आहे. परंतु प्लेक्स ही ओपन सोर्स व्यवस्था नाही. सर्व्हर आपल्या घरी असला, तरी खाते कंपनीकडे उघडावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीच्या माहितीसाठ्यात घुसखोरी झाली आणि ग्राहकांना पासवर्ड बदलण्याची सूचना द्यावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये आजीवन सदस्यत्वाची किंमत सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेली. भाड्याच्या घरातून सुटका हवी म्हणून या मार्गाला लागलेल्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

लिरिऑन म्युझिक सर्व्हर : याची पार्श्वभूमी रंजक आहे. 'स्लिम डिव्हाइसेस' या कंपनीने आपल्या 'स्क्वीझबॉक्स' या वादकयंत्रांसाठी हा सर्व्हर तयार केला. २००६ मध्ये 'लॉजिटेक'ने ती कंपनी विकत घेतली. २०१२ मध्ये यंत्रांचे उत्पादन थांबले आणि २०२४ मध्ये कंपनीने त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली. एरवी ही यंत्रे भंगारात गेली असती. परंतु सर्व्हरची आज्ञावली खुली असल्याने वापरकर्त्यांनी तो नव्या नावाने पुढे चालू ठेवला आणि जुनी यंत्रे आजही वाजत आहेत. घरातील वेगवेगळ्या खोल्यांत एकाच वेळी तेच गाणे ऐकायचे असेल, तर लिरिऑनसारखा दुसरा पर्याय मिळणे कठीण. घराबाहेर मोबाइलवर ऐकणे ही मात्र त्याची खासियत नव्हे.

अँपाश आणि फंकव्हेल : अँपाश हा २००१ पासून चालत आलेला या क्षेत्रातील वडीलधारी प्रकल्प आहे. त्यात सोयी पुष्कळ आहेत, पण तो उभा करण्यासाठी वेब सर्व्हर आणि डेटाबेस यांची माहिती हवी. फंकव्हेलमध्ये अनेक सर्व्हर एकमेकांना जोडून संगीत सामायिक करता येते. एखाद्या संगीतमंडळाला स्वतःच्या कलाकारांची ध्वनिमुद्रणे रसिकांपर्यंत पोहोचवायची असतील, तर त्याचा विचार करता येईल. एका कुटुंबासाठी मात्र तो गरजेपेक्षा मोठा आहे.

संगणक कोणता?

यासाठी नवा संगणक घेण्याची बहुधा गरज नसते. अडगळीत पडलेला लॅपटॉप पुरेसा असतो. वीज गेल्यावर त्याची बॅटरी काही काळ साथ देते, हा वरचा फायदा. मात्र बॅटरी फुगलेली असेल, तर ती काढून टाकावी. रास्पबेरी पायवर व्यवस्था उभी करणार असाल, तर गाणी मेमरी कार्डवर न ठेवता यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर ठेवावीत. घरी नेटवर्कवरील साठवणपेटी, म्हणजे 'नॅस', असेल, तर बहुतेक सॉफ्टवेअर त्यावरच बसविता येतात.

सर्व्हर दिवसरात्र चालू राहत असल्याने विजेचा हिशेब करावा. दहा वॉट घेणारे लहान यंत्र महिन्याला ७.२ युनिट वापरते. ६० वॉट घेणारा जुना डेस्कटॉप ४३ युनिटांपर्यंत जातो. वर्षभरात हा फरक चारशे युनिटांहून अधिक होतो आणि लहान यंत्राची किंमत काही काळात वसूल होऊ शकते.

घराबाहेरून ऐकताना

घरातल्या वाय-फायवर सर्व्हर चालू करणे ही तासाभराची गोष्ट आहे. बाहेरून त्याच्यापर्यंत पोहोचणे हा खरा कसोटीचा भाग. आपल्याकडील अनेक इंटरनेट कंपन्या प्रत्येक घराला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता देत नाहीत. अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. मोठ्या सोसायटीला एकच टपालपेटी असावी आणि फ्लॅटचा क्रमांक बाहेरच्याला ठाऊक नसावा, तसा हा प्रकार. अशा वेळी राउटरवर 'पोर्ट' उघडूनही उपयोग होत नाही.

यावर सर्वांत सुरक्षित तोडगा म्हणजे खासगी जाळे. 'वायरगार्ड' या तंत्रावर आधारलेले 'टेलस्केल' घरातील सर्व्हर आणि आपला मोबाइल यांच्यात सांकेतिक बोगदा तयार करते. वैयक्तिक वापरासाठी त्याची मोफत योजना आहे. सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसतच नाही. आपण परवानगी दिलेली यंत्रेच तेथवर पोहोचतात. पुण्यातील आई-वडिलांच्या घरी सर्व्हर आणि बोस्टनमध्ये ऐकणारी मुलगी, अशीही मांडणी यातून साधते.

सार्वजनिक आयपी पत्ता असूनही राउटरचे पोर्ट सरसकट उघडणे टाळावे. ते उघडायचेच झाले, तर सुरक्षित 'एचटीटीपीएस' जोडणी, लांबलचक पासवर्ड आणि सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करणे या तीन गोष्टींना पर्याय नाही.

कान आणि सोय

काही बाबी छोट्या वाटतात, परंतु रोजच्या ऐकण्यात त्याच खटकतात. ४५ मिनिटांची कॅसेटची एक बाजू संपते आणि ख्याल मध्येच तुटतो. तिच्यावरून केलेल्या दोन फाइल्स वाजताना मध्ये क्षणाचीही शांतता पडू नये, यासाठी 'गॅपलेस' वादनाची सोय असलेले ॲप घ्यावे. जुन्या तबकडीवरील आवाज क्षीण, तर नव्या सीडीचा आवाज चढा असतो. तो समतोल राखण्यासाठी 'रिप्लेगेन' ही सोय सर्व्हर आणि ॲप दोहोंत आहे का, हे पाहावे. प्रवासात नेटवर्क जाते, तेव्हा आधी उतरवून ठेवलेली गाणी कामी येतात. ही सोय बहुतेक चांगल्या ॲपमध्ये असते. घरातील ज्येष्ठांना ॲप सहज वापरता येते का, हाही निकष दुय्यम मानू नये. संग्रह बहुधा त्यांचाच असतो.

कायदा काय सांगतो?

सर्व्हर घरी ठेवणे कायदेशीर आहे. प्रश्न त्यावरील गाण्यांचा असतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात खासगी अथवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या उचित व्यवहाराला मोकळीक आहे. स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतःच्या ऐकण्यासाठी संगणकावर घेणे आणि तोच संग्रह महाजालावर सर्वांसाठी खुला करणे, या दोन गोष्टींत महदंतर आहे. दुसरी गोष्ट करू नये.

ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे जुन्या अनेक तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क संपलेला आहे. परंतु त्यातील शब्द आणि संगीतरचना यांवरील हक्क वेगळा असतो आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. म्हणून 'जुने आहे, म्हणजे मोकळे आहे' असे गृहीत धरता येत नाही. घरगुती मैफलीचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे असले, तरी कलाकाराचे हक्क त्याच्याकडेच राहतात, याचेही भान ठेवावे.

बॅकअपशिवाय सर्व व्यर्थ

गाणी स्वतःच्या घरी आणली, की ती सांभाळण्याची जबाबदारीही घरी येते. हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. नॅसमध्ये दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवीत असल्या, तरी तो बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच वेळी जाते आणि विजेच्या झटक्याने दोन्ही डिस्क जळू शकतात. मूळ संग्रह, घरातच कपाटात ठेवलेली दुसरी डिस्क आणि नातेवाईकाच्या घरी ठेवलेली तिसरी प्रत, एवढी काळजी किमान हवी. पुराचे पाणी किंवा आग यांपासून ही तिसरी प्रतच वाचविते.

गाण्यांसोबत सर्व्हरच्या माहितीचे फोल्डरही जपावे. त्यात घरच्यांच्या आवडी आणि याद्या असतात. कॅसेटवरून ध्वनिमुद्रण करताना मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवावी. फ्लॅकमधून एमपीथ्री केव्हाही करता येते. एमपीथ्रीत गमावलेला ध्वनी मात्र परत मिळत नाही. फीत दरवर्षी अधिक झिजते, त्यामुळे सर्व्हर उभा राहण्याची वाट न पाहता हे काम आधी हाती घ्यावे.

निवड कशी करावी?

थोडक्यात सांगायचे, तर पुढील सूत्र उपयोगी पडेल.

– टॅग भरलेले आहेत किंवा भरण्याची तयारी आहे, आणि मोबाइलवर ऐकायचे आहे : नॅव्हिड्रोम.

– फोल्डर व्यवस्थित आहेत, टॅग नाहीत : गॉनिक.

– चित्रफिती आणि गाणी दोन्ही हवीत : जेलीफिन.

– तांत्रिक खटपट नको, कंपनीवर विसंबणे मान्य आहे : प्लेक्स.

– घरातील अनेक खोल्यांत, चांगल्या ध्वनियंत्रणेवर ऐकायचे आहे : लिरिऑन.

दोन पर्यायांत मन अडकले, तर दोन्ही बसवून पाहावेत. एकाच फोल्डरवर दोन सर्व्हर शेजारी शेजारी चालू शकतात. फोल्डर 'केवळ वाचण्यापुरते' दिलेले असले म्हणजे झाले. प्रथम सारा संग्रह न चढविता शे-दोनशे गाणी घ्यावीत. त्यांत एक भावगीतांचा संच, एक लांब ख्याल, एक देवनागरी शीर्षकांचा अल्बम आणि एक घरगुती ध्वनिमुद्रण असावे. आठवडाभर घरच्यांना वापरू द्यावे. कोणते सॉफ्टवेअर आपल्या घराला मानवते, हे त्यातून कळेल.

सबसॉनिकची आज्ञावली बंद झाली, एअरसॉनिकचे काम थांबले, आणि आज लोकप्रिय असलेल्यांपैकी काही सर्व्हर दहा वर्षांनी नसतीलही. निवड करताना म्हणूनच एक प्रश्न शेवटी अवश्य विचारावा : हे सॉफ्टवेअर उद्या काढून टाकले, तर माझ्या हाती काय उरेल? नीट टॅग केलेल्या फाइल्स, खुल्या स्वरूपातील याद्या आणि तीन ठिकाणी ठेवलेल्या प्रती उरणार असतील, तर निवडीत थोडे डावे-उजवे झाले तरी चालेल. सॉफ्टवेअर पुन्हा मिळते. आजोबांचा अभंग मिळत नाही.